फाटकावरच्या फलकाविषयी : चिंचोळी एमआयडीसीतील कारभाऱ्यांना खुले पत्र

चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांचे चालक व व्यवस्थापक, त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी, आणि या वसाहतीचे पाणी, वीज, रस्ते, वाहतूक व नोकरभरती यांचा कारभार ज्यांच्या हाती आहे अशा सर्व कार्यालयांचे प्रमुख यांस,

 

मी या वसाहतीतील एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात सव्वीस वर्षे चाकरी करून निवृत्त झालेला एक सामान्य कारकून आहे. त्यापूर्वीची काही वर्षे शहरातल्या एका गिरणीत गेली; ती गिरणी आज नाही, आणि ज्या कारखान्यातून निवृत्त झालो त्याचे नाव येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. हजेरीपटावर शेरे मारणे, पाळीची पत्रके तयार करणे, रजेच्या अर्जांची आवक-जावक ठेवणे आणि व्यवस्थापनाचा जो हुकूम असेल तो फाटकाशेजारच्या फलकावर लावणे, एवढाच माझा अधिकार होता. त्यांतील शेवटच्या कामाविषयी मला आपणांशी बोलावयाचे आहे, आणि ते खुल्या पत्रातून बोलावयाचे कारण असे की, खासगी पत्राची पोच मिळण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत.

तो फलक आपणांपैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. लाकडी चौकट, आत हिरवी बनात, पुढे बारीक जाळीचे दार, त्याला पितळी कुलूप आणि कुलपाची किल्ली माझ्या कमरेला. गिरणीत असताना आम्ही टाचण्यांऐवजी साइझिंग खात्यातून वाटीभर खळ आणून कागद डकवीत असू. ताण्याच्या सुताला जी कडकपणा देते तीच खळ कागदाला धरून ठेवी, आणि पावसाळ्यात तिला आंबूस वास येई. सूचनेच्या माथ्यावर जावक क्रमांक, खाली तारीख, सही आणि शिक्का. मजकूर मराठीत, आणि गिरणीत पद्मशाली मंडळींची संख्या मोठी असल्यामुळे बहुधा तेलुगूतही. कागद काढला की त्याच्या पाठीवर ‘लावला’ आणि ‘काढला’ अशा दोन तारखा घालून तो दप्तरी दाखल होई. एकदा कामगार न्यायालयात ‘अशी सूचना लागलीच नव्हती’ असा मुद्दा निघाला असता त्या पाठीवरच्या तारखांनीच निवाडा केला, आणि तो, सांगण्यास आता हरकत नाही, कामगाराच्या बाजूने झाला; कारण सूचना लागली होती खरी, परंतु जो हुकूम सोमवारपासून अमलात यावयाचा तो फलकावर मंगळवारी चढला होता.

1948 च्या कारखाना अधिनियमाचे 108 वे कलम माझ्या टेबलाच्या काचेखाली होते. कारखान्यात लावावयाच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असाव्यात, त्या मुख्य प्रवेशद्वारापाशी किंवा त्याच्या जवळ सहज दिसेल अशा सोयीच्या जागी लावाव्यात, आणि त्या स्वच्छ व वाचनीय स्थितीत राखाव्यात, असे ते कलम सांगे. लावणाऱ्याने लावली म्हणजे त्याचे काम झाले, असे त्या कलमाने मानलेले नाही. ती वाचता येते की नाही, याचाही भार त्याच्यावरच टाकला आहे. ‘स्वच्छ व वाचनीय’ या दोन विशेषणांत जो सुज्ञपणा आहे तो मला मोठमोठ्या कायद्यांतही क्वचितच आढळला.

आता आजची स्थिती पाहा. बाळे, केगाव, कोंडी मागे टाकीत पुण्याच्या महामार्गाने आपण येथे येतो तेव्हा फाटके तीच असतात. परंतु फलकाच्या जाळीआड गेल्या सालच्या सुरक्षा सप्ताहातील स्पर्धेचा निकाल आणि पिवळा पडलेला एखादा तक्ता यांखेरीज फारसे काही आढळत नाही. ज्यांची रोज गरज पडते त्या सूचना, म्हणजे पाणी कोणत्या दिवशी येणार नाही, दुरुस्तीसाठी वीज किती वाजता जाणार, कामगारांची बस कोणत्या थांब्यावरून सुटणार, कोणत्या जागा भरावयाच्या आणि मुलाखत कधी, या आता समाजमाध्यमाच्या एखाद्या पानावर किंवा व्हॉट्सॲपच्या एखाद्या गटात जन्म घेतात आणि तेथेच मरतात. सर्वांचेच असे आहे असा माझा आरोप नाही. ज्यांचे आहे त्यांना ते ठाऊक आहे.

गेल्या पावसाळ्यात जुन्या सोबत्यांना भेटण्यास मी आलो असता फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर पाकणीकडचा एक तरुण माझ्याजवळ आला. कंत्राटदाराकडे हेल्परचे काम करणारा, हातात काच तडकलेला मोबाईल. कोणत्याशा कारखान्यात पॅकिंग खात्यात भरती असल्याचे मित्राने कळविले होते आणि सोबत लिंक धाडली होती. ती उघडताच वर कारखान्याचे नाव, त्याखाली ‘पाहिजेत’ हा ठळक शब्द, त्याखाली पदाचे नाव, आणि तेथून खाली पडद्याचा सारा अर्धा भाग एका पांढऱ्या पाटीने व्यापलेला : पुढे पाहण्यासाठी लॉग इन करा. त्याचे खाते पूर्वी होते. पण सिमकार्ड बदलल्यामुळे ओटीपी जुन्या नंबरावर जात होता आणि तो नंबर आता दुसऱ्याच कोणाच्या खिशात होता. “काका, वरचं दिसायलंय, खालचं काय लिवलंय बघा की,” असे म्हणून त्याने मोबाईल माझ्या हाती दिला. मी चष्मा पुसला, पाटी सरकविण्याचा यत्न केला, ती बंद करण्याची फुली कोठे आहे का हे शोधले. पाटीच्या वरच्या काठाशी मजकुराची पुढची ओळ जेमतेम डोकावत होती. शिरोरेषा आणि वेलांट्यांची टोके तेवढी वर, बाकी अक्षरे बुडालेली. नुसत्या शिरोरेषांवरून तारीख वाचण्याची विद्या मला अवगत नव्हती. अखेर टपरीवाल्याने आपल्या मोबाईलवर ते पान उघडून दिले, तेव्हा कळले की मुलाखत त्याच दिवशी सकाळी दहा ते एक या वेळात होती. आम्ही चहा पीत होतो तेव्हा अडीच वाजून गेले होते.

ती जाहिरात लिहिणाऱ्या गृहस्थाच्या मनात कोणास वगळण्याचा हेतू होता असे मी म्हणणार नाही. उलट, अधिक लोकांपर्यंत पोचावे म्हणूनच त्याने तो मार्ग पत्करला असणार. परंतु घडले असे की, त्याने आपल्या फाटकावरची सूचना दुसऱ्याच्या वाड्यात नेऊन टांगली, आणि त्या वाड्याचा देवडीवाला प्रत्येकाचे नाव, नंबर आणि जन्मतारीख लिहून घेतल्याखेरीज कोणास आत सोडीत नाही. कारखान्याच्या फाटकावरची पाटी वाचण्यासाठी सातासमुद्रापलीकडच्या एका खासगी कंपनीची परवानगी कामगाराने का घ्यावी, हा माझा पहिला आणि मुख्य प्रश्न आहे. ही परवानगी कायमचीही नसते. वर्षानुवर्षे कोणासही वाचता येणारे ट्विटर 2023 च्या जूनअखेर खाते नसलेल्यांना एकाएकी बंद झाले. पुढे ते काही अंशी उघडले, परंतु दार आपल्या हाती नाही हे त्या दिवशी उघड झाले.

दुसरी तक्रार क्रमाची. माझ्या फलकावर आजचा कागद कालच्या कागदावर चढे, आणि एवढे तारतम्य शिपायालाही कळे. समाजमाध्यमावर कोणता कागद कोणास, केव्हा आणि किती वेळ दाखवावा हे ठरविणारा कारकून कंपनीच्या यंत्रात बसलेला असतो, आणि त्याचा सारा हिशेब लोकांची नजर जाहिरातींवर अधिकाधिक खिळवण्याचा. त्याच्या लेखी पाणीबंदीची सूचना आणि कोणाच्या बारशाचे छायाचित्र यांत छायाचित्रच वजनदार. पाणी परत आल्यावर पाणीबंदीची सूचना वाचण्याचा अनुभव आपणांपैकी किती जणांनी घेतला असेल याची गणती कोणी करावी?

दार दुसऱ्याच्या हाती असले म्हणजे काय होते, हे दाखविणारी एक मोठी घटना परदेशात घडली. न्यूयॉर्क शहराची आगगाड्यांची व बसगाड्यांची व्यवस्था पाहणारी एमटीए ही सार्वजनिक संस्था आपल्या खोळंब्यांच्या सूचना ट्विटरवर यंत्राद्वारे देत असे. मालक बदलल्यावर कंपनीने यंत्राद्वारे सूचना देण्याच्या सोयीचे जबर दाम सांगितले, तेव्हा 2023 च्या एप्रिलात संस्थेने त्या सूचना देणेच बंद केले. मे महिन्यात कंपनीने सरकारी सेवांना सूट दिली आणि प्रकरण मिटले. परंतु सूट ही मेहेरबानी आहे, आणि प्रवाशांना गाडीची खबर एका धनिकाच्या मेहेरबानीवर मिळावी, ही गोष्ट त्या संपन्न शहरालाही लाजिरवाणी वाटली पाहिजे. आणि कधी मालकाची मर्जी असूनही दार बंद पडते. 2021 च्या 4 ऑक्टोबरला फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम ही तिन्ही सुमारे सहा तास जगभर मूक झाली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे रात्रपाळी फाटकाशी येण्याची वेळ.

तिसरी तक्रार माझी स्वतःची आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. आम्हां निवृत्त कामगारांचे एका समाजमाध्यमावर एक पान होते. जुन्या पाळ्यांची छायाचित्रे, निवृत्तीच्या दिवशीचे हारतुरे, गिरणीच्या भोंग्याच्या वेळा कोणास आठवतात याची चर्चा, निधनवार्ता, भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जांविषयी एकमेकांस केलेली मदत, असा नऊ वर्षांचा संचय तेथे होता. एके सकाळी ते पान नाहीसे झाले. आपल्या मजकुराने आमच्या नियमांचा भंग झाला आहे, एवढाच खुलासा. कोणता मजकूर, कोणता नियम, याचा उल्लेख नाही. मी रीतसर दाद मागितली. उत्तर चार मिनिटांत आले : निर्णय अंतिम आहे. चार मिनिटांत नऊ वर्षांचे दप्तर तपासणारा अधिकारी मी सरकारी खात्यातही पाहिलेला नाही. 1930 च्या मे महिन्यात या सोलापुरावर मार्शल लॉ पुकारला गेला, त्या जुलमाशी माझ्या दुःखाची तुलना करणे हा हुतात्म्यांचा अपमान होईल. पण त्या वेळच्या जाहीरनाम्यांखालीही कोणा गोऱ्या अधिकाऱ्याची सही असे, आणि आपणांवर अन्याय कोणी केला हे निदान लोकांना कळत असे.

आपण म्हणाल, हे वृद्धाचे रडगाणे आहे, कारखानदारांशी त्याचा काय संबंध? संबंध असा आहे. आपणांपैकी बहुतेकांचा भूखंड आपल्या मालकीचा नाही. 1962 च्या ऑगस्टात स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडून तो 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेला आहे. तरीही आपण त्यावर कोट्यवधींची यंत्रे उभी करून निर्धास्त झोपता, कारण पट्टा नोंदलेला आहे, अटी कागदावर आहेत, आणि कोणी त्या मोडल्या तर दाद मागण्यास न्यायालय आहे. आपल्या पानाखालच्या जमिनीचा पट्टा मात्र आपण कधी वाचला आहे काय? तेथे अटी एकाने लिहावयाच्या, त्यानेच बदलावयाच्या, आणि दुसऱ्याने वापर चालू ठेवला म्हणजे त्याची संमती धरावयाची. 2021 च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने अशाच बदललेल्या अटी पुढे केल्या, तेव्हा चार दिवस सिग्नल या दुसऱ्या ॲपकडे धावाधाव झाली आणि मग सारे घरी परतले. त्याच प्रकरणी भारतीय स्पर्धा आयोगाने 2024 च्या नोव्हेंबरात मेटा कंपनीस 213 कोटी 14 लाख रुपयांचा दंड सुनावला. आपल्या भागात जमिनीच्या बाबतीत असली वहिवाट 1948 च्या कुळकायद्याने संपविली आणि 1957 च्या 1 एप्रिलला कसणारे कूळ कायद्याने मालक झाले. समाजमाध्यमावर आपण सारे, आपणांसारखे कारखानदारसुद्धा, अद्याप मर्जीचीच कुळे आहोत.

दुसरी वाट आहे, आणि ती कल्पनेतली नाही. मॅस्टोडॉन या नावाची एक व्यवस्था जर्मनीतील ऑयगेन रोख्को या तरुणाने 2016 साली सुरू केली. तिची आज्ञावली कोणासही फुकट घेता येते, आपल्या सर्व्हरवर बसविता येते, आणि असे हजारो सर्व्हर, निरनिराळ्या संस्थांचे आणि व्यक्तींचे, एकमेकांशी बोलतात. कारण बोलण्याची रीत, जिला ॲक्टिव्हिटीपब म्हणतात, वेबची मानके ठरविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने 2018 च्या जानेवारीत सर्वांसाठी प्रसिद्ध केलेली आहे. तेथे मजकूर कालक्रमाने येतो, जाहिराती नसतात, आणि जाहीर केलेला मजकूर वाचण्यास सामान्यतः खाते लागत नाही.

हे ऐकण्यास अवघड वाटत असेल तर त्याच चहाच्या टपरीवर चला. टपरीवाल्याचा क्यूआर कोड एका कंपनीचा, गिऱ्हाइकाच्या मोबाईलमधले ॲप दुसरीचे, दोघांच्या बँका तिसऱ्या आणि चौथ्या. तरी दहा रुपये क्षणात पोचतात, कारण 2016 साली आलेल्या यूपीआयने देण्याघेण्याची रीत सर्वांस एक केली आणि कंपन्या वेगळ्या राहू दिल्या. उद्या एखाद्या कंपनीने सांगितले की आमच्या ॲपातून फक्त आमच्याच गिऱ्हाइकास पैसे देता येतील, तर आपण तिला हसू. मग आमची सूचना फक्त आमच्या खातेदारासच वाचता येईल, असे सांगणाऱ्या कंपनीस आपण का हसत नाही? टपालाचेही तेच. 1874 साली बर्न येथे राष्ट्रांनी टपालसंघ स्थापला, तेव्हापासून एका देशाचे तिकीट लावलेले पत्र दुसऱ्या देशाचा पोस्टमन बिनतक्रार घरपोच करतो. मोबाईलचा नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर 2011 च्या 20 जानेवारीपासून आहे. ज्या देशाने एवढे पचविले त्यास ही गोष्ट नवी वाटू नये.

मॅस्टोडॉन या व्यवस्थेचे गुण गाताना तिचे दोष झाकणे माझ्या पेशाला शोभणारे नाही. लोक तेथे टिकत नाहीत, हा पहिला दोष. 2019 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद केले गेले. एक आक्षेप होता त्यांनी लावलेल्या छायाचित्रावर, ज्यात नाझी सलाम करणाऱ्या गर्दीत ऑगस्ट लँडमेसर म्हणून ओळखला जाणारा एकटा माणूस हाताची घडी घालून उभा आहे. त्यानंतर नोव्हेंबरात सहस्रावधी भारतीय मॅस्टोडॉनवर आले, एकमेकांस नमस्कार-चमत्कार झाले, आणि त्यांतील बहुसंख्य थोड्याच दिवसांत परत फिरले. 2022 च्या ऑक्टोबरात इलॉन मस्क यांनी 44 अब्ज डॉलरना ट्विटर घेतले तेव्हा हीच लाट जगभर उठली; महिन्याला वावरणाऱ्यांची संख्या 3 लाखांवरून 25 लाखांवर गेल्याचे रोख्को यांनीच सांगितले, आणि ती लाटही ओसरली. लोक जेथे गर्दी असते तेथे जातात; आषाढीस पंढरपूर सोडून दुसरीकडे वारी नेण्याचा उपदेश कोणी ऐकणार नाही. शिवाय सर्व्हर चालविणारा थकतो, आणि कधी पाटी लावून बंदही करतो. खाते दुसरीकडे हलविता येते, अनुयायीही बरोबर येतात, पण जुना मजकूर मागेच राहतो. लहान गढीचा लहान किल्लेदार मोठ्या सरदारापेक्षा कधी अधिक तऱ्हेवाईक निघतो, हेही मी ऐकून आहे.

तरीही स्वदेशी दुकान काढले म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांशी माझे जमत नाही. 2020 साली निघालेल्या ‘कू’ या भारतीय व्यासपीठावर पुढच्याच वर्षी केंद्रीय मंत्री आणि सरकारी खाती मोठ्या उत्साहाने गेली. मराठीची सोयही तेथे चांगली होती. 2024 च्या जुलैत ते बंद झाले. हेतू चांगला, भाषा आपली, पण वाडा पुन्हा एकाच मालकाचा. मालकाचे भांडवल संपले आणि कुळांचे बिऱ्हाड रस्त्यावर आले. ऑर्कुटचे 2014 साली आणि गूगल प्लसचे 2019 साली हेच झाले होते. मालक कोणत्या देशाचा हा प्रश्न दुय्यम आहे. त्याने दुकान मिटले तर आपला मजकूर आणि आपले लोक दुसऱ्या दुकानात नेता येतात की नाही, हे आधी विचारावे.

सरकारांनी हे ओळखण्यास आरंभ केला आहे. जर्मनीच्या माहितीसंरक्षण आयुक्तांनी 2020 साली संघराज्याच्या कार्यालयांसाठी स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर सुरू केला, आणि पुढच्या वर्षी मंत्रालयांना फेसबुकवरची पाने वर्षअखेर बंद करण्याविषयी लिहिले. युरोपीय आयोगाचा स्वतःचा सर्व्हर आहे. नेदरलँड्सच्या सरकारने 2023 साली तसाच उघडला. 2017 पासून ‘सोशल कूप’ नावाचा एक सर्व्हर तर चक्क सहकारी तत्त्वावर चालतो : सभासद वर्गणी देतात आणि नियम मतदानाने ठरवितात. हे वाचून मला हसू आले. 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर साखर कारखाना उभा केला, त्या महाराष्ट्राला सहकाराचा धडा परदेशी संगणकवाल्यांनी द्यावा! अर्थात आपल्या सहकाराचे पुढे कोठे काय झाले हे मी जाणतो, आणि सभासदांचा कारखाना चेअरमनचा कसा होतो हे या जिल्ह्यास शिकविण्याची गरज नाही. म्हणूनच वसाहतीचा सर्व्हर कोणा एका कारखान्याच्या किंवा एका पदाधिकाऱ्याच्या नावावर नसावा, एवढे आधीच सांगून ठेवतो.

आपणांकडे माझे मागणे मोठे नाही. फेसबुक सोडा, व्हॉट्सॲप सोडा, असे मी म्हणत नाही. म्हटले तरी आपण सोडणार नाही, आणि कामगारही सोडणार नाहीत. मूळ प्रत कोणती आणि नक्कल कोणती, एवढा फरक आपण करावा. मूळ सूचना आपल्या ताब्यातल्या खुल्या जागी, जेथे कोणासही खाते न उघडता वाचता येईल अशी लावावी, आणि तिची नक्कल मग हव्या त्या बाजारात पाठवावी. आज हा क्रम उलटा आहे. बाजारातली नक्कलच मूळ झाली आहे आणि दप्तरात काही उरत नाही.

यासाठी साऱ्या वसाहतीचा मिळून एक लहानसा सर्व्हर पुरे. प्रत्येक कारखान्याचे व कार्यालयाचे त्यावर एकेक खाते असावे, आणि त्या खात्यावरून कोण लिहितो त्याचे पद उघड लिहिलेले असावे. काम सांभाळण्यास माणसे कोठून आणावीत, असे विचाराल तर शहरात वालचंदसारखी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आणि त्यांतील मुलांना अशी खरी कामे हवीच असतात; मात्र फुकट राबवून घेऊ नका, कारण फुकट चाललेली गोष्ट परीक्षेच्या महिन्यात बंद पडते. सूचनेचे छायाचित्र काढून चिकटवू नका, मजकूर अक्षरांत लिहा, म्हणजे अंधास तो यंत्राकडून ऐकता येईल आणि परप्रांतीय कामगारास भाषांतर करून घेता येईल. मराठीबरोबर हिंदी असावी, आणि जेथे गरज असेल तेथे तेलुगू व कानडी. या शहरास चार भाषांचा कंटाळा पूर्वी कधी आला नव्हता. काढलेली सूचना नष्ट न करता ‘लावली’ व ‘काढली’ या तारखांसह जुन्या दप्तरात राहू द्यावी. चूक झाली तर मजकूर गुपचूप न बदलता दुरुस्ती वेगळी लावावी. आम्ही खाडाखोड केली तर तेथे सही करीत असू.

आणि फाटकावरचा फलक पुसून स्वच्छ करा. ज्याच्याजवळ मोबाईल नाही, किंवा ज्याचे रिचार्ज संपले आहे, त्याच्यासाठी तोच शेवटचा आधार आहे. त्यावर कागदही लावा, आणि कोपऱ्यात त्या खुल्या पानाचा क्यूआर कोडही. किल्ली कोणाकडे आहे हे टाइम ऑफिसला विचारा. मी निवृत्तीच्या दिवशी पोच घेऊन ती हवाली केली आहे.

या पत्राची एक प्रत टपरीवाल्याच्या अनुमतीने मी त्याच्या खांबावर घरच्या खळीने डकविली आहे. त्या तरुणास ती वाचता आली. पॅकिंग खात्यातली जागा मात्र भरली गेली असल्याचे त्याने मला सांगितले. आपले उत्तर आपण कोठेही प्रसिद्ध करा, पण एक प्रत त्याच खांबावर लावण्याची तजवीज व्हावी, ही विनंती.



आपला नम्र,
टाइम ऑफिसातील एक निवृत्त कारकून
सोलापूर